आतले फोटो

महेरुनआपाने मला बघून तोंडावर ओढणी घेतली. मंगळवारी सकाळी, बोर्ली पंचतनच्या बाजारात, सुक्या बोंबलांच्या पाटीसमोर. डोक्यावरची ओढणी तिने दोन बोटांनी पुढे ओढली, नाकापर्यंत आणली, टोक दातात धरलं आणि मला नीट दिसेल अशा बेताने तशीच उभी राहिली. पाठ केली असती तर मला काही वाटलं नसतं. गेली तीन वर्षं आमच्या गावात पाठ करणं हा रामरामचाच एक प्रकार झालाय. त्यांची माणसं आम्हाला पाठ करतात, आमची माणसं त्यांना, आणि दोन्हीकडच्या पाठी आता मला चेहऱ्यांइतक्या ओळखू येतात. पण ओढणी परक्या पुरुषासमोर घ्यायची असते. मी बाई आहे. त्या बाईने पंचवीस वर्षं माझ्यासमोर केस मोकळे सोडून तेल लावलंय, पोरीला पाजलंय, नवऱ्याला शिव्या दिल्यात, रडलीय. मी पाव किलो बोंबील मागितले होते, ते तसेच टाकून चालू लागले. मागून कोळीण ओरडली, "अगो बाय, घेतंस का न्हाय?" मी वळले नाही. माझे कान तापले होते आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मेली, तुला काय अधिकार. आमच्या फोटोच्या दुकानाचं शटर वर करेपर्यंत मात्र दुसरी गोष्ट कळून चुकली होती. तिने आमंत्रण बघितलं होतं.

आमंत्रण आता सगळ्यांनीच बघितलं होतं. येत्या शनिवारी दिवेआगरच्या शाळेच्या हॉलमध्ये मुंबईची एक संस्था फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. नाव ‘शेजार’. दुरावलेल्या दोन वस्त्यांना जुन्या फोटोंनी जवळ आणायचं, असा त्यांचा बेत. संस्थेच्या जागृतीने आमंत्रण मोबाईलवर पाठवलं आणि ते दोन दिवसांत इथून कुवेतपर्यंत फिरून आलं. त्यावर एकच फोटो होता, माझा. म्हणजे मी काढलेला. यशराच्या हळदीचा. यशरा ही महेरुनआपाची धाकटी. फोटोत ती मध्ये बसलीय, गालांवर, हातांवर हळद. तिच्या मागे महेरुनआपा, डोक्यावर काही नाही, केस सुटलेले, तोंड एवढं उघडं की मागची दाढ दिसते. हसते की रडते ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि पुढे वाकून नवरीच्या कपाळाला हळद लावणारी, बिनकुंकवाची, पांढऱ्या लुगड्यातली बाई म्हणजे माझी सासू, गोदू. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: छायाचित्र – विनिता. आमच्या दुकानातून गेलेल्या हजारो फोटोंच्या पाठीवर ‘दिनानाथ फोटो’ असा जांभळा शिक्का आहे. माझं नाव कशावरही छापून येण्याची ही पहिली वेळ होती, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मी दोन बोटांनी मोठं करून दहा वेळा बघितलं.

मी ह्या धंद्यात आले ती नवरा आत जाऊ शकत नव्हता म्हणून. लग्न होऊन पेणकडच्या मिठागरांतून मी इथे आले तेव्हा दिनानाथचं, म्हणजे नवऱ्याचं, दुकान नवीन होतं आणि मोहल्ल्यातली लग्नं मोठी व्हायची. आखाती पैसा होता, हौस होती. पण पुरुष फोटोग्राफर बाहेर मांडवात. आत बायका. आतला फोटो पाहिजे असेल तर बाई पाहिजे, आणि बाई कुठून आणणार? नवऱ्याने माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवला. "बटण दाब. बाकी सगळं मी लावून दिलंय." तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या लेखी मी बटणच दाबते. आतल्या पहिल्या दिवशी मी मान खाली घालूनच बटण दाबत राहिले आणि अर्धा रोल वाया गेला. महेरुनआपाने माझ्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि म्हणाली, "आमी काय वाघ हाव? बस. आधी खा." तिच्या एका शब्दावर मोहल्ल्यातल्या चौदा घरांनी मला आत घेतलं. ते चौदाही उंबरे मला माहीत आहेत, कुठला उंच, कुठला घासलेला. आमच्या आळीत मला अजून ‘पेणची’ म्हणतात.

आत जाण्याला अट होती. रंगीत रोल महाडच्या लॅबमध्ये धुवायला जायचा आणि तिथे चार परके पुरुष बघणार. म्हणून आतले फोटो नेहमी काळे-पांढरे. ते मी स्वतः धुवायचे, आमच्या न्हाणीत, खिडकीला घोंगडी लावून. नवऱ्यानेही बघायचे नाहीत, आणि त्याने कधी बघितले नाहीत हेही खरं. त्याला त्यात काही बघण्यासारखं असेल असं वाटलंच नाही. चौथ्या दिवशी फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही बंद पाकिटातून घरच्या मोठ्या बाईच्या हातात द्यायचे. माझ्याकडे काही ठेवायचं नाही. पुढे डिजिटल आलं तेव्हा महेरुनआपाने अट तशीच पुढे चालवली: फोटो दिले की तिच्यासमोर बसून कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करायचं, पडद्यावर काही उरलं नाही ते दाखवायचं, मग कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवायचं. ती ते नखाएवढं कार्ड मुठीत धरायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची, परत द्यायची आणि माझ्या तोंडात गोड घालायची. कार्ड रिकामं झालं म्हणजे लग्न पार पडलं असं मोहल्ल्यात म्हणायला लागले होते. सगळ्यांना ह्यात केवढं समाधान! मला काय वाटत होतं हे कोणी विचारलं नाही. पंचवीस वर्षांत मी जे जे चांगलं बघितलं ते धुतलं, छापलं आणि देऊन टाकलं. लोकांच्या कपाटांत कुलपाखाली माझे फोटो आहेत. माझ्याकडे काय आहे, तर शाळेच्या गॅदरिंगचे गठ्ठे आणि लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो. त्यांचा एक अख्खा खण आहे. आळीचे आणि मोहल्ल्याचे चेहरे त्यात अजून एकमेकांवर पडलेले असतात, त्यांना कोणी सांगितलं नाही वाटतं.

सासूचं आणि माझं कधी पटलं नाही. तिला मी आवडले नाही, मला ती आवडली नाही, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पंचविसाव्या वर्षी नवरा गेलेली बाई. नंतरच्या पन्नास वर्षांत आळीतल्या कुठल्याही लग्नात तिने हळदीच्या ताटाला हात लावला नाही. लावू दिला नाही असं म्हणायला पाहिजे, पण ती स्वतःच इतक्या आधीपासून मागच्या पडवीत जाऊन भाजी चिरत बसायची की कोणाला तिला अडवण्याची वेळच आली नाही. माझ्या लग्नातसुद्धा ती मागे कांदे कापत होती. महेरुनआपा तिला लहानपणापासून काकी म्हणायची. दोन्ही घरांच्या सुपारीच्या वाड्या लागून, पाट एक. यशराच्या हळदीला महेरुनआपा स्वतः येऊन सासूला घेऊन गेली. ती तिथेही मागे जाऊन बसली. सवयच. तर महेरुनआपाने सगळ्या बायकांमधून आरडाओरडा केला, "काकीला आना म्होरं. पयली हलद काकीची!" सासू नाही नाही म्हणत होती, खरंच घाबरली होती, तोंड पांढरं पडलं होतं. "अगो मी अशी, मी कशी लावू," असं काहीतरी. महेरुनआपाने तिचं मनगट धरून हात हळदीच्या वाटीत बुडवला. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझी सासू सुंदर होती हे मला त्या सेकंदाला कळलं, आणि मला तिचा रागच आला, की हे तू आमच्यापासून कुठे लपवून ठेवलं होतंस. मी बटण दाबलं. काही काही फोटो काढतानाच कळतात. हा तसा होता.

कॅमेरा त्या वर्षीच घेतलेला, मुंबईच्या एका धंदा बंद केलेल्या फोटोग्राफरकडून, जुना. त्याच्या कुशीत एक झाकण होतं आणि झाकणाखाली दोन खाचा. एक कार्ड बिघडलं तर दुसऱ्यावर फोटो राहावा म्हणून दोन्हीवर एकदम उतरवायची सोय. महिनाभर आधी मला ते कळलं होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याने त्या कॅमेऱ्याचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. हळदीला जाण्याआधी दुसरं कार्ड काढून ठेवणं एका बोटाचं काम होतं. बोट झाकणाशी गेलं होतं, मला आठवतं. मग मी झाकण लावून टाकलं. चौथ्या दिवशी महेरुनआपाच्या माजघरात बसून एक कार्ड रिकामं केलं, तिच्या हातावर ठेवलं. तिने मुठीत धरलं. दुसरं कॅमेऱ्याच्या आत, माझ्या मांडीवर. तिने माझ्या तोंडात गोड घातलं आणि ते मी चावून खाल्लं, घशात अडकलं वगैरे काही नाही. घरी येऊन ते कार्ड न नेलेल्या पासपोर्ट फोटोंच्या खणात तळाशी टाकलं. आठ वर्षं तिथे होतं. दुपारी नवरा झोपला की मी कधीकधी काढून बघायची. एकच फोटो. बाकीचे मी स्वतःच पुसून टाकले होते. बाकीच्यांचं मला काही नव्हतं.

मग सासू गेली. मग वादळ आलं, दोन्हीकडच्या वाड्या आडव्या झाल्या आणि महिनाभर आळी आणि मोहल्ला मिळून एकमेकांच्या सुपाऱ्या उचलत होते. तेव्हा सगळे म्हणाले की संकटात माणुसकी कळते. दोन वर्षांनी शिमग्याची पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली, वाजंत्री थांबवायची की नाही ह्यावरून शब्द गेला, एक दगड आला, मग पुष्कळ गेले. पहिला दगड कोणाचा ह्याबद्दल दोन्हीकडे ठाम मत आहे आणि दोन्हीकडे मी ते ऐकलंय. आता रिक्षा वेगळ्या, मासळी वेगळी, चक्कीसुद्धा वेगळी. मला वाटलं होतं, आतलं ह्या सगळ्याच्या बाहेर आहे. पुरुषांची भांडणं बाहेर, मांडवात. कसलं काय. मोहल्ल्यातून बोलावणं बंद झालं. गेल्या वर्षी महेरुनआपाच्या अझहरचं लग्न झालं तेव्हा महाडहून एक पोरगी आली होती मोबाईल घेऊन, काठीवर दिवा लावून. मी दुकानात बसून बॅन्डचा आवाज ऐकला. अझहरच्या जन्माआधीपासून मी त्या घरात जाते. निरोपसुद्धा नाही. मी तीन दिवस जेवले नाही नीट, आणि चौथ्या दिवशी ठरवलं की माझ्याकडूनही संपलं. जो शब्द मी आधीच मोडला होता तो आता मोडायला मी मोकळी झाले असं काहीतरी मी मनाशी म्हटलं. चोराला निमित्त लागतंच.

जागृती पावसाळ्यानंतर आली. सरळ गाडीने यायचं सोडून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरली आणि तिथून एसट्या बदलत आली, कारण तिला म्हणे किनारा अनुभवायचा होता. इथे पोचली तेव्हा तिला उलटी होत होती. तिला लिंबूपाणी दिलं, नवऱ्याने गठ्ठे काढले. उद्घाटनं, गॅदरिंग, सरपंच, दोन्ही जमातीचे लोक एका फितीमागे उभे. "छान आहेत," जागृती म्हणाली. फोटो बघून लोक छान म्हणतात तेव्हा त्यांना भूक लागलेली असते. नवरा चहा सांगायला बाहेर गेला. आणि तिने सहज, पंख्याखाली ओढणी सारखी करता करता विचारलं, "आणि काकू, तुम्ही काय काढता?" मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घरी नाही, दारी नाही. मी उठले, खण उघडला आणि तळाचं कार्ड काढलं. फोटो पडद्यावर आला तेव्हा त्या पोरीने ओढणी सोडून खुर्ची पुढे ओढली. मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "काकू, बाकी काही नसलं तरी चालेल. हाच आपला पूल आहे." पूलबील मला कळत नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते माझ्या फोटोमुळे भरले होते, एवढं कळलं. तिने विचारलं, "ह्या सगळ्यांची परवानगी आहे ना?" मी म्हटलं, "आहे." तिने एक कागद पुढे केला. त्यावर मी सही केली, ठळक.

बुधवारी संध्याकाळी हितेश आला. हितेश आमच्या आळीचा, दोन ट्रक आणि दिवेआगरला घरगुती राहण्याजेवणाची सोय. आळीच्या वतीने बोलणं हल्ली त्याच्याकडेच असतं. आत येऊन पासपोर्टच्या स्टुलावर बसला. "वैनी, बरा न्हाय दिसत. आमची म्हातारी, बोडक्या कपालानी, त्यांच्या घरात हलद लावतंय. लोक इचारतात." मी म्हटलं, "कोण लोक? ती जिवंत होती तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिला हळदीला बोलावलं?" तो म्हणाला, "रीत हाय ती. आन रीत सोरून तिकरं कशाला जावाचा?" नवरा मध्ये पडला, "अरे हिला काय कळतंय, त्या मुंबईवालीने मागितला, हिने दिला." हितेश म्हणाला की शनिवारी हॉलमध्ये तो फोटो लागला तर बघू. म्हणजे काय ते नाही सांगितलं. तो गेल्यावर नवरा जेवताना म्हणाला, "आईला तिथे बघून मला कसंतरी झालं." मी विचारलं, "कसंतरी म्हणजे?" "म्हणजे कसंतरी," तो म्हणाला आणि भात ओढला. तीन वर्षांत पहिल्यांदा आळी आणि मोहल्ल्याचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे मी. जागृतीला फोन करून सांगावं असं वाटलं, की बघ बाई, आले की नाही जवळ.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजाला मोहल्ल्यातले सगळे पुरुष मशिदीत असतात त्या वेळी, महेरुनआपा दुकानात आली. नवरा फोटो टांगायला दिवेआगरला गेला होता. तिने शटर अर्धं खाली ओढलं, स्वतःच, आणि स्टुलावर बसली. ओढणी डोक्यावर होती, तोंडावर नव्हती. तीन वर्षांत तिचे दात गेले होते दोन. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही.

"मी जास्त बोलनार न्हाय. जुम्मा सुटायच्या आत मला घरी जायचाय," ती म्हणाली. "यशराचा घोव दोहाला दोन दिवस तिच्याशी बोलला न्हाय. तिचा सासरा बोलला, अशा घरची पोर. ह्यांना," म्हणजे तिच्या नवऱ्याला, नुरुद्दीनभाईंना, "मशिदीत चार मानसा इचारतात. त्या चौदा घरातल्या बायका माझ्या दारात येऊन बसतात. आपा, आमचे पन फोटो हाईत का तिच्याकडं? आमचे पन उंद्या भिंतीवर येतील का? तुला त्या घरात मी घातली, विनिता. माझ्या जबानीवर."

"दुसऱ्या कोणाचा नाही माझ्याकडे. एकही नाही. शप्पथ."

"तुझी शप्पथ ऱ्हाव दे." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अझहर बोलला, तुझ्या कॅमेऱ्यात दोन कारडं असतात. खरा?"

"खरं."

"मग येकच सांग मला. त्या दिवशी तू माझ्या म्होरं कारड रिकामा केलंस. मी हातात धरला. तवा दुसरा कारड आत व्हता, ह्या तुला ठावं व्हता का?"

मंगळवारपासून मी ह्याच प्रश्नाचं उत्तर पाठ करत होते. नाही गं आपा, मला कुठे कळतंय, मशीनने आपोआप ठेवला, परवा खण आवरताना सापडला. तिला पटलं असतं. पटवून घ्यायलाच आली होती ती, भर दुपारी, गुडघे दुखत असताना चालत. तिच्या बसण्यावरून कळत होतं. एक नाही म्हटलं की ती उठून माझा हात धरणार, चौदा घरांत जाऊन सांगणार की पोर अजाण, आणि उद्या ना परवा कुठल्या तरी हळदीला मला पुन्हा आत बोलावणं येणार. मला आत जायचं होतं. देवाशपथ, मला दुसरं काही नको होतं. पण नाही म्हटलं की तो फोटो माझा राहत नव्हता. मग तो यंत्राने ठेवला, नशिबाने सापडला, जागृतीने ओळखला. मी फक्त बटण दाबलं. आयुष्यात एक काम मी जाणूनबुजून केलं होतं, डोळे उघडे ठेवून, कोणाला न विचारता, आणि ते चोरीचं होतं तरी माझं होतं. आणि थोडा सूडही होता. अझहरच्या लग्नाचा बॅन्ड माझ्या कानात अजून होता. ह्या बाईला एकदा दुखावं असं मला वाटलं, आणि तेही मी लपवणार नाही.

"माहीत होतं," मी म्हटलं.

बाहेरून रिक्षा गेली. मला वाटलं, थोबाडीत मारेल तर बरं. तिने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या आणि ती माझ्याकडे बघत होती, पंचवीस वर्षांचा सगळा हिशेब चुकल्यासारखी. मग म्हणाली, "मोठा बघू दे." मला आधी कळलं नाही. "फोटो. मोबाईलवर नखाएवढा दिसतो."

मी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. ती उठून अगदी जवळ गेली, नाक टेकेल इतकी. स्वतःकडे तिने बघितलं नाही. यशराच्या गालावरून पडद्यावर बोट फिरवलं, मग सासूच्या तोंडाशी थांबली. "काकी," म्हणाली. "किती भेलेली व्हती. हात थंडगार." मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "चांगला काढलंस गो."

मला रडू आलं. एवढ्या वर्षांत कोणी हे म्हणालं नव्हतं आणि जिने म्हणायला नको होतं तिने म्हटलं. मी तोंडाला पदर लावला. ती मात्र रडत नव्हती. वळली तेव्हा तिचं तोंड बाजारातल्यासारखं झालं होतं.

"आता ऐक," ती म्हणाली. "उंद्या त्या हॉलात दोन्हीकरची मानसा येतील. तिथं तू सांगायचा, माइकवर, का मला ठावं नव्हता. मशीनची चूक झाली. मला मशीन कलत न्हाय."

"आपा, मी तुला खरं सांगितलं."

"मला सांगितलंस. माझ्याजवल ऱ्हाईल ता. मरंपर्यंत." तिने ओढणी पुढे घेतली. "खरा ऐकून त्या चौदा बायका काय करतील? जल्मभर भिंतीकडं बघत बसतील? चूक झाली म्हटलं तर झोपतील तरी. तुझ्यासाठी न्हाय बोलत मी. तू मेलीस मला."

शटरखालून वाकून ती गेली. वाकताना तिला त्रास झाला, मी हात पुढे केला, तिने तो बघितला आणि दुसऱ्या हाताने शटरच धरलं. मी स्टुलावर बसून राहिले. नवऱ्याने संध्याकाळी येऊन सांगितलं की माझा फोटो समोरच्या भिंतीवर लावलाय, दरवाजाएवढा, नाव खाली वेगळ्या पाटीवर. "बाकी माझेपण लावलेत," तो म्हणाला.

शनिवारी हॉल भरला होता. डावीकडे आळी, उजवीकडे मोहल्ला, मधे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी वाट, आणि त्या वाटेवर मुंबईहून आलेली पाचसहा माणसं हातात चहा घेऊन फिरत होती. मोहल्ल्याची एकही बाई नव्हती. अझहर दाराशी हाताची घडी घालून उभा होता, मागे नुरुद्दीनभाई, खाली मान. समोर हितेश आणि त्याची पोरं. कोणी फोटोंकडे बघत नव्हतं. सगळे एकमेकांकडे आणि मग समोरच्या भिंतीकडे. मी बघितलं. एवढा मोठा मी तो कधी बघितला नव्हता. सासूच्या पापणीवर हळदीचा कण होता, तो मला आठ वर्षांत दिसला नव्हता. मनात म्हटलं, नाही सांगत जा. कोणी काय करणार आहे? ‘तू मेलीस’ म्हणालीय, मेलेलीला कसली भीती. जागृती माइकवर नजर, स्त्री, आठवण असं बरंच बोलली आणि मग म्हणाली, "हा क्षण त्यांनी कसा टिपला, हे विनिताताईंकडूनच ऐकू या," आणि माइक माझ्या हातात आला. तो गरम होता. मी पाटीवरचं माझं नाव वाचलं. मग दाराकडे बघितलं. नुरुद्दीनभाईंनी मान वर केली होती आणि त्या माणसाचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत.

"हा फोटो राहायला नको होता," मी म्हटलं. माझा आवाज चारी बाजूंनी माझ्याकडे परत आला. "मी त्या घरात कार्ड रिकामं केलं होतं. नेहमीसारखं. पण ह्या कॅमेऱ्यात दुसरं कार्ड असतं, ते मला माहीत नव्हतं. मशीनची चूक झाली. बाकी कोणाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मला मशीन कळत नाही."

मग आळीतून कोणीतरी म्हणालं, "घ्या! बायकांच्या हातात मशीन दिल्यावर दुसरा काय व्हनार," आणि हशा झाला. डावीकडून सुरू झाला आणि उजवीकडे गेला. मोहल्ल्यातली म्हातारी माणसं दाढीआड हसत होती, नुरुद्दीनभाईंनी रुमालाने डोळे पुसले, हितेश मांडीवर थाप मारत होता. तीन वर्षांत हसली नव्हती एवढी माणसं एका छपराखाली. जागृतीचं तोंड उतरलं होतं. हितेश पुढे येऊन म्हणाला की चुकून आलेला फोटो आहे तर उतरवलेला बरा, आणि फ्रेमची एक बाजू त्याने धरलीसुद्धा. ती एकट्याला झेपणारी नव्हती. दारातून अझहर आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. "तिरपी घे," अझहर म्हणाला. "खाली बघ, पायरी हाय," हितेश म्हणाला. दोघांनी मिळून, दाराला लागू न देता, ती बाहेर नेली.

मुंबईच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या कार्डाचं नीट कळलं नाही म्हणून विचारलं, तेव्हा माइक माझ्या हातातून नवऱ्याने घेतला. दोन खाचा कशा असतात, एकावर पुसलं तरी दुसऱ्यावर कसं राहतं, हे त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. शुक्रवारी हॉलमध्ये फ्रेम टांगताना, जाब विचारायला आलेल्या अझहरकडूनच त्याला ते पहिल्यांदा कळलं होतं; रात्री त्यानेच मला सांगितलं होतं. "मी हिला हजार वेळा सांगितलं होतं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "होतं की नाही?"

"होतं," मी म्हटलं.